उपवासकाळात ख्रिस्ताचं अनुकरण: चर्च लांब असलेल्या खान्देशातल्या घरासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहाद्याच्या बाजूचं गाव, कॅथलिक घर, शेतमजुरी, चर्च तीसेक किलोमीटर लांब, फादर महिन्यातून एक-दोनदा येतात. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, मटण, दारू, तंबाखू, मोबाईल असं सगळं सोडायचं ठरतं आणि दहा-बारा दिवसांत एकेक करून सगळं परत येतं. मग उपवासकाळात ख्रिस्ताचं अनुकरण करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

यादी मोठी आहे, तिथेच पहिला घोळ आहे. चार गोष्टी एकदम सोडल्या की पहिली मोडते त्या दिवशी उरलेल्या तीनही सैल पडतात. दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा. या यादीत सगळं सोडायचं आहे, करायचं काहीच नाही. येशू रानात चाळीस दिवस उपाशी राहिला हे खरं, पण शुभवर्तमान तिथे थांबत नाही. धोंड्यांच्या भाकरी करायची ताकद असून त्याने ती स्वतःच्या पोटासाठी वापरली नाही. पुढे हजारोंचा समुदाय भुकेला बसला तेव्हा मात्र भाकरी वाढवल्या. अनुकरण करायचं ते या जोडीचं: स्वतःसाठी हात आखडता, दुसऱ्यासाठी मोकळा. नुसती पहिली बाजू धरली तर ते पथ्य होतं, आणि पथ्य मोडायला वेळ लागत नाही.

राखेच्या बुधवारी वाचलं जाणारं शुभवर्तमान (मत्तय 6:1-6, 16-18) तीन कामं सांगतं: दान, प्रार्थना, उपवास. तिन्हींना अट एकच, गुपचूप करायची. तेव्हा प्रत्येकातलं एकेकच काम घ्या आणि ते इतकं नेमकं ठरवा की रात्री ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच उत्तर देता आलं पाहिजे. ‘जास्त प्रार्थना करीन’ याला रात्री काय उत्तर देणार? ‘जेवणाआधी, मुलं बसलेली असताना, एक माळ’ याला देता येतं. ‘गरिबांना मदत करीन’ हेही तसंच हवेतलं. ‘दर शुक्रवारी मागच्या घरातल्या म्हातारीचं पाणी भरीन’ म्हटलं की वारही ठरला आणि माणूसही ठरला.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात; सहा रविवार वगळले की 40. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. मटण किंवा गोडधोड सोडलं असेल तर रविवारी खायला हरकत नाही. दारू, तंबाखू, गुटखा सोडला असेल तर रविवारची सूट अजिबात घेऊ नका. व्यसनाला एक दिवस दिला की ते सोमवारही घेतं. सातपुड्याच्या पट्ट्यात याच दिवसांत मोहाची फुलं पडतात, ताजी दारू उतरते, पाहुणा आला की वाटी पुढे येते. तेव्हा ‘मी उपवासात आहे’ असं सांगण्यापेक्षा ‘पोट बरं नाही, पाणी द्या’ म्हणणं मत्तयाच्या अटीत जास्त बसतं असं कोणी म्हणेल. खोटं बोलायची गरज नाही. ‘आज नको’ एवढं पुरतं.

आता खाण्याचा नियम. तो फार थोडा आहे, आणि नीट माहीत नसल्याने काही जण विनाकारण जास्त करतात, काही काहीच करत नाहीत. उपवासाची सक्ती वर्षातून दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. ती 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल ठेवेपर्यंत. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, आणि लागलंच तर दोनदा थोडं, दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होणार नाही एवढं. मांस वर्ज्य करायची सक्ती 14 वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, याच दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी. मांस म्हणजे मटण, कोंबडी, रानातली शिकार. मासे, सुकट, अंडी, दूध चालतं. शुक्रवारी एखादा महासण आला, म्हणजे 19 मार्चचा संत योसेफचा किंवा 25 मार्चचा शुभवार्तेचा, तर त्या शुक्रवारी वर्ज्य नाही. 2027 मध्ये 19 मार्च शुक्रवारीच येतो आहे.

आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते शेजाऱ्यांच्या एकादशीचं. चर्चच्या उपवासात धान्य वर्ज्य नाही, प्रमाण कमी करायचं असतं. एक कळण्याची भाकरी, ठेचा आणि पातळ वरण हे ताटभर खिचडीपेक्षा खरा उपवास आहे. शेवभाजीचंही तेच. तिच्यात मांस नाही, शुक्रवारी चालते. पण बोटभर तर्री आणि सोबत चार जणांची मैफल म्हणजे नियमाचं अक्षर पाळलं आणि बाकी सगळं सोडलं. मटणाच्या फोडी बाजूला काढून नुसता रस्सा ओरपणं ही तर उघड पळवाट आहे.

निर्जळी उपवास करू नका. चर्च तो कधीच मागत नाही. पाण्याने आणि औषधाने उपवास मोडत नाही. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सा या चर्चच्या मुख्य उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासातही पाणी आणि गोळ्या चालतात. मार्चच्या अखेरीस जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि गहू-हरभऱ्याची कामं, केळीची बागायत थांबलेली नसते. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं की वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेल असलेला माणूस, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, भर उन्हात अंगमेहनत करणारे यांना उपवासाची सक्ती लागू नाही. त्यांनी त्या दिवशी दुसरं काही घ्यावं: चहातली साखर, कामावरची गाणी, उगाच बोलणं. शरीर देवाने दिलेलं आहे, ते मोडून त्याचं अनुकरण होत नाही.

प्रार्थनेसाठी एक सोपा हिशेब सांगतो. मार्ककृत शुभवर्तमानात दुःखसहनाचे दोन अध्याय आहेत, 14 आणि 15. पहिल्यात 72 ओव्या, दुसऱ्यात 47, एकूण 119. रोज तीन ओव्या वाचल्या, रविवार सोडले, तर 40 दिवसांत बरोबर पुरतात. शेवटच्या शनिवारी दोन उरतात: धोंड लोटून कबर बंद केली, आणि बायका ती जागा पाहत उभ्या होत्या. पवित्र शनिवारी वाचायला याहून योग्य काही नाही. तीन ओव्यांना दोन मिनिटं लागतात. मग पुस्तक मिटायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे: येशूने इथे काय केलं? काय करायचं टाळलं? उत्तरातलं एक आज करता येण्यासारखं असेल तर ते करायचं. वाचता येत नसेल तर घरातल्या पोराकडून वाचून घ्या किंवा मोबाईलवर ऐका. प्रार्थना पावरी, भिली, अहिराणी, जी घरात बोलता तिच्यात करा.

एकविसाव्या दिवशी 14:61 येतं. खोटे साक्षीदार एकामागून एक उभे राहतात, आणि येशू गप्प राहतो. त्या दिवशी मुकादमाने खोडी काढली, भावकीत बांधावरून शब्द आला, तर उलट न बोलणं हे अनुकरण. पण इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिचा गैरवापर फार होतो. पुढच्याच ओवीत, ‘तू ख्रिस्त आहेस काय?’ असं विचारल्यावर तो स्पष्ट उत्तर देतो. योहानाच्या शुभवर्तमानात शिपाई थोबाडीत मारतो तेव्हा तो विचारतो, ‘मला का मारतोस?’ स्वतःच्या मानापमानासाठी तो बोलला नाही. सत्य विचारलं तेव्हा, अन्याय झाला तेव्हा बोलला. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस, सोस’ असं सांगणं हे ख्रिस्ताच्या नावावर खपवलेलं पाप आहे. तिने घर सोडून सुरक्षित जागी जावं, पोलिसांत जावं. मजुरी बुडवणाऱ्याकडे मजुरी मागणंही तसंच, त्यात उपवासकाळ आड येत नाही.

जपमाळ रोज होत नसेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी तरी दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे पाच प्रसंग, म्हणा. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, अठरा-वीस मिनिटांत होतात. माळ नसेल तर बोटं आहेत.

आता क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या चौदा प्रसंगांच्या स्थानांवर थांबत, प्रार्थना करत चालणं. खान्देशात, चर्च नसलेल्या गावात, सगळ्यात चांगली होणारी भक्ती हीच, कारण तिला फादर लागत नाहीत, चालणं लागतं. चौदा स्थानं 1731 मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी ठरवून दिली. सगळी शुभवर्तमानातली नाहीत. तीन वेळा पडणं, वाटेत आईची भेट, वेरोनिकेने तोंड पुसणं हे परंपरेतून आलं. शुभवर्तमानावर आधारलेला वेगळा क्रम 1991 पासून आहे, तोही चालतो. चित्रं नसली तरी अडत नाही. मुळात लागतात ते चौदा लाकडी क्रूस. बांबू किंवा कडुनिंबाच्या काड्या घ्या, एक वीत आणि त्याहून थोडी मोठी, सुतळीने आडव्या-उभ्या घट्ट बांधा, मागे खडूने आकडा लिहा. फादर आले की आशीर्वाद करून घ्या, आणि घेतले की ते घरात इकडेतिकडे पडू देऊ नका.

वाट निवडताना वीस-पंचवीस पावलांवर एक स्थान पुरतं. लांब ठेवलं की म्हातारी माणसं सातव्या स्थानानंतर मागे पडतात आणि पुढचा वाचणारा त्यांना ऐकूच येत नाही. दुपारी कुणी तरी जागेवरून चालून बाभळीचे काटे उचलावेत, कारण प्रत्येक स्थानावर गुडघे टेकायचे असतात. वेळ सूर्यास्ताची. पहाटे मोह वेचायला घरंच्या घरं रानात गेलेली असतात, दुपारी जमीन तापलेली असते. मेणबत्त्या वाऱ्याने विझतात आणि त्या पेटवण्यातच लक्ष जातं. सोबत एक कंदील ठेवा. पुढे क्रूस घेणारा, मागे वाचणारा, मग सगळे. प्रत्येक स्थानाला आकडा आणि नाव, ‘हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो आणि तुझा धन्यवाद करतो’, त्याला सगळ्यांचं उत्तर ‘कारण तू आपल्या पवित्र क्रुसाने जगाचं तारण केलं आहेस’, तीन-चार वाक्यांचं चिंतन, थोडी शांतता, एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, गीताचं एक कडवं, की पुढे. स्थानाला अडीच-तीन मिनिटं, सगळं पाऊण तासात. बाराव्याला, म्हणजे मरणाच्या स्थानावर, सगळ्यांनी गुडघ्यावर एक पूर्ण मिनिट गप्प राहायचं. कुणी तरी हे मिनिट भरून काढायला गाणं सुरू करतोच. त्याला आधीच सांगून ठेवा.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. चिंतन पुस्तकातून पानभर वाचलं जातं आणि पाचव्या स्थानापासून लोक जांभया देतात. पोरांना रोमन शिपाई केलं की हशा सुरू होतो. आणि डोळ्यांत पाणी येणं म्हणजेच भक्ती, असं धरून वाचणारा आवाज रडवेला करतो. रडू आलं तर येऊ द्या, आणू नका. त्याऐवजी पाचव्या स्थानावर थांबा. कुरेनेकर शिमोन रानातून येत होता. त्याने स्वतःहून क्रूस उचलला नाही, शिपायांनी त्याला वेठीस धरलं. रोजंदारीवर जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मनाविरुद्ध अंगावर पडलेलं कामही, ते कुणाचं तरी ओझं हलकं करत असेल तर, ख्रिस्तासोबत चालणं होतं. वाट संपल्यावर प्रत्येकाने एक माणूस मनात धरावा, ज्याचं ओझं पुढच्या शुक्रवारपर्यंत एकदा तरी उचलायचं.

आशीर्वादित क्रुसांपुढे, एका स्थानावरून दुसऱ्याकडे चालत ही वाट केली तर पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ होणं, मिळते, असं चर्च शिकवतं. सोबत पापनिवेदन, ख्रिस्तशरीर, पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनापासून सोडणं या अटी आहेत. गर्दी मोठी असेल तर पुढाऱ्याने चालणं पुरतं. अंथरुणाला खिळलेल्याने अर्धा तास दुःखसहनाचं वाचन आणि चिंतन केलं तरी चालतं.

पापनिवेदन पवित्र आठवड्यावर ठेवू नका. त्या आठवड्यात फादरांना तीन-चार गावं धरायची असतात आणि रांगेत तुम्हाला दोन मिनिटं मिळतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फादर येतील तेव्हाच उरका. आदल्या रात्री दहा मिनिटं बसून देव, घर, काम, पैसा अशा क्रमाने आठवा. गंभीर पाप असेल तर काय आणि साधारण किती वेळा, एवढं सांगायचं. सासूचं, जावेचं, मालकाचं पाप सांगायला ती जागा नाही, आणि बहुतेक निवेदनं तिथेच घसरतात. ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, त्यांच्यावर जीव गेला तरी न मोडणारं बंधन आहे. दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी करून टाका.

दानाचं बघताना आधी देणं फेडा. किराणा दुकानाची उधारी, कुणाचे घेतलेले बी-बियाण्याचे पैसे, स्वतः मजूर लावले असतील तर त्यांची मजुरी. दुसऱ्याचे पैसे अडकवून पेटीत टाकलेली नोट दान होत नाही. त्यानंतर शुक्रवारी मटण नाही आणलं तर त्याचे जेवढे वाचले तेवढेच एका डब्यात टाका. हे पैसे ईस्टरच्या जेवणात परत घरात येऊ नयेत. चर्चमध्ये कारितास या चर्चच्या मदतसंस्थेची उपवासकाळातली वर्गणी असते ती द्या, किंवा गावातल्या दवाखान्यात पडलेल्याला द्या. दिल्यावर सांगू नका.

होळीचं काय, हे दरवर्षी विचारलं जातं, कारण होळी उपवासकाळातच येते. ईस्टर 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपाठोपाठच्या रविवारी, होळी फाल्गुनी पौर्णिमेला. म्हणून ती एक तर महिनाभर आधी पडते किंवा अगदी पवित्र आठवड्यात. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला, ईस्टर 28 मार्चला, आणि होळीची पौर्णिमा 21-22 मार्चला, झावळ्यांच्या रविवाराला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवाराला लागून. नात्यातल्यांकडे जायला, भेटायला, ढोल ऐकायला, साखरेचे हार-कडे घ्यायला अडचण नाही. नवसाने बावा-बुध्या होणं, म्हणजे सोंग घेऊन होळीत नाचणं, पूजेत बसणं ही वेगळी गोष्ट आहे, ते टाळा. शुक्रवार नसेल तर खाण्याचंही बंधन नाही. अडकायला होतं ते दारूत, म्हणून अंधार पडायच्या आत घरी या. लग्नसराईतही असंच: शुक्रवारच्या पंगतीत गाजावाजा न करता भाजी-भाकरी वाढून घ्या, यजमानाला उपदेश नको.

ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे गेलेल्यांचा अर्धा उपवासकाळ तिकडेच जातो. त्यांना तीन ओव्या आणि बोटांवरची माळ एवढंच जमेल, तेवढं पुरे. जवळच्या चर्चमध्ये मिस्साची वेळ विचारून ठेवा. कॅथलिक माणूस कुठल्याही धर्मप्रांतात पापनिवेदन करू शकतो, ख्रिस्तशरीर घेऊ शकतो. ज्या रविवारी मिस्सा शक्यच नाही त्या दिवशी दोन-तीन घरांनी जमून त्या दिवसाचं वाचन आणि प्रार्थना करावी.

राखेसाठीही फादरांची वाट पाहत बसू नये. आशीर्वाद फादर देतात, पण आशीर्वादित राख प्रचारक (गावात धर्मशिक्षण देणारा) किंवा नेमलेला कुणीही लावू शकतो. ती मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून होते, तेव्हा जुन्या झावळ्या जानेवारीतच चर्चमध्ये पोचवा. राख बारीक चाळणीने चाळा आणि कोरडीच ठेवा. पाण्यात कालवून ठेवली की तिचा क्षार उतरतो आणि कपाळाची आग होते. हा संस्कार नाही, त्यामुळे बाप्तिस्मा न झालेल्या नातेवाइकालाही लावता येते. दिवसभर मिरवायला पाहिजे असा नियम नाही. येशूने तर तोंड धुवायला सांगितलं आहे.

ठरवलेलं मोडलं तर? मोडतं. दुसऱ्या दिवशी तेच, तेवढंच परत सुरू करा. भरपाई म्हणून दुप्पट करू नका, त्याने तिसऱ्या दिवशी पुन्हा मोडतं. एकाच आठवड्यात तीनदा मोडलं तर ठरवलेलं तुमच्या आवाक्याबाहेरचं होतं असं समजून अर्धं करा.

पवित्र आठवड्यात एकच दिवस चर्चला जाणं परवडत असेल तर बरेच जण गुड फ्रायडे निवडतात. त्या दिवशी जगात कुठेही मिस्सा नसते. तीनच्या सुमारास वचन, क्रुसाचं चुंबन आणि ख्रिस्तशरीर असा विधी असतो. क्रुसाची वाट तुम्ही त्या दिवशी गावातही करू शकता. गुरुवारचं पाय धुणं मात्र घरीही करा: घरातल्या सगळ्यात लहानाने नाही, कर्त्या माणसाने घागर आणि घमेलं घेऊन खाली बसायचं आणि बायकोचे, आईचे, सुनेचे पाय धुऊन पुसायचे. खान्देशातल्या घरात चाळीस दिवसांच्या उपवासापेक्षा हे अवघड जातं. चर्चला जायचं ते शनिवारी रात्री. अंधारात नवा अग्नी, ईस्टरची मेणबत्ती, बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेणं. ज्या येशूच्या मागून चाळीस दिवस चाललो त्याचं पुढे काय झालं हे त्याच रात्री जाहीर होतं. विधी दोन-अडीच तास चालतो आणि परतीला एसटी नसते, म्हणून आठवडाभर आधीच चार-पाच घरांनी मिळून जीप ठरवा, नाहीतर चर्चच्या आवारात झोपायची सोय आधी विचारून घ्या.